खणलेल्या रस्त्याचा खर्च कोणीं सोसावा ?

कळंब तालुक्यांतील रस्त्यांच्या पोटांत गेल्या कांहीं वर्षांत बरेंच कांहीं पुरलें गेलें आहे. घरोघर पाणी नेणारे नळ, दूरसंचाराचे काचतंतु, कोठें कोठें विजेच्या भूमिगत तारा, आणि शेतकऱ्यांनीं विहिरीचें किंवा मांजरा धरणाच्या फुगवट्याचें पाणी आपल्या रानांत आणण्यासाठीं घातलेल्या खासगी नळवाहिन्या, असा हा सर्व पसारा आहे. यांपैकीं प्रत्येक काम उपयोगाचें आहे व त्याविरुद्ध बोलण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. प्रश्न आहे तो काम आटोपल्यावर मागें राहणाऱ्या चराचा. नळ घालणारा निघून जातो, चर मातीनें झांकला जातो, पहिल्या पावसांत तो खचतो, आणि मग रस्ता कोणीं दुरुस्त करावा याचा वाद सुरू होतो. पाणीपुरवठ्याचें खातें गुत्तेदाराकडे बोट दाखवितें, गुत्तेदार अंदाजपत्रकाकडे, बांधकाम खातें निधीच्या अभावाकडे, व ग्रामपंचायत जिल्हा परिषदेकडे. वाद चालू असतां त्या रस्त्यावरून जाणें मात्र शेतकऱ्यास चुकत नाहीं.

या वादांत आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे : जो खणील त्यानें रस्ता पूर्वीसारखा करून द्यावा, तो खर्च मूळ कामाचाच भाग समजावा, आणि हा नियम कंपनी, सरकार व शेतकरी या तिघांसहि सारखाच लागू करावा. हें तत्त्व नवें नाहीं. तें आपल्या कायद्यांत पूर्वींपासून आहे. तें अंमलांत कां येत नाहीं, आणि येण्यासाठीं गांवानें काय करावें, हें पुढें सांगावयाचें आहे.

रस्ता आणि शेतमालाचा हिशोब

कळंब शहरास रेल्वे नाहीं. लातूर-मिरज लोहमार्गावरील एका स्थानकास ‘कळंब रोड’ असें नांव आहे खरें, पण तेथून कळंबास यावयाचें तें रस्त्यानेंच, हें त्या नांवांतच सांगितलेलें आहे. खामगांव-पंढरपूर हा राष्ट्रीय महामार्ग कळंबवरून जातो व येरमाळ्यास धुळें-सोलापूर महामार्गास मिळतो; त्यामुळें शहरापासून बाहेर जाण्याची सोय बरी आहे. परंतु सोयाबीन, तूर, हरभरा किंवा ज्वारी महामार्गाच्या कडेला पिकत नाहीं. ती पिकते आंतल्या गांवांत, आणि कळंब, लातूर किंवा बार्शी येथील बाजार गांठण्यापूर्वीं तिला गांवच्या रस्त्यावरून चार-सहा कोसांची वाट तुडवावी लागते. उसाची गोष्ट तर याहून अवघड. भरलेली ट्रॉली एकदां चराच्या कडेला कलली कीं ऊस, वाहन व माणूस या तिघांसहि धोका असतो.

खराब रस्त्याचा खर्च कोणत्याहि वहींत लिहिला जात नाहीं. म्हणून तो दिसत नाहीं इतकेंच. वाहनवाला भाडें वाढवून सांगतो, त्यांत तो असतो. टायर व कमानी लवकर निकामी होतात, त्यांत तो असतो. दूध संकलनाची गाडी उशीरा येते किंवा गांव टाळून जाते, त्यांत तो असतो. बाळंतिणीस किंवा सर्पदंश झालेल्या माणसास रुग्णालयांत नेतांना जो वेळ जातो, त्याची तर किंमतच करतां येत नाहीं. तात्पर्य, रस्ता दुरुस्त झाला नाहीं म्हणजे कोणीच खर्च केला नाहीं असें होत नाहीं. खर्च होतोच, तो फक्त खणणाऱ्याच्या खात्यावरून उतरून वापरणाऱ्याच्या खात्यावर चढतो.

काळ्या रानांतील चर

आपल्या भागांत हा प्रश्न अधिक बिकट होण्यास जमीन कारण आहे. काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्यास सांगावयास नको. ती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत आकसते व तिला हात हात खोल भेगा पडतात. अशा जमिनीवर रस्ता बांधतांना काळी माती काढून किंवा तिच्यावर मुरमाचा जाड थर घालून, वर खडी दाबून, पाणी मारून व रूळ फिरवून पाया तयार केलेला असतो. चर खणतांना हे सर्व थर एकमेकांत मिसळतात. नळ घातल्यावर तीच मिश्र माती यंत्रानें एकदम लोटून चर बुजविला जातो. ती माती पोकळ असते. तिच्यांत पाणी मुरतें, ती बसते, आणि वरचें डांबर आधारावांचून लोंबकळून तुटतें.

हें एवढ्यावरच थांबत नाहीं. चर हा रस्त्याच्या पोटांतील एक पाटच होऊन बसतो. पावसाचें पाणी त्या वाटेनें लांबवर वाहतें व दोन्ही बाजूंच्या न खणलेल्या भागाचा पायाहि भिजवितें. म्हणून चराची रुंदी म्हणजेच नुकसानीची रुंदी, हा हिशोब चुकीचा आहे. एक उदाहरण घेऊं. समजा, पावणेचार मीटर रुंदीच्या डांबरी रस्त्यांतून एक किलोमीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद असा चर खणला. चराचें क्षेत्र ६०० चौरस मीटर झालें, म्हणजे रस्त्याच्या पृष्ठभागाचा शेंकडा १६ वा भाग. परंतु दोन्ही कडांचा तीस-तीस सेंटिमीटर भाग जरी खिळखिळा झाला असें धरलें, तरी दुरुस्तीचें क्षेत्र १२०० चौरस मीटर होतें, म्हणजे दुप्पट. शिवाय चर बहुधा रस्त्याच्या एका बाजूस, नेमका चाकांच्या वाटेवर असतो. अशा वेळीं नुसता पट्टा भरून देणें म्हणजे फाटक्या धोतरास ठिगळ लावून नवें धोतर दिल्याचें सांगणें होय. निदान अर्ध्या रुंदीचा पृष्ठभाग तरी सलग केला पाहिजे.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, याचें ४९ वें कलम आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचें असेल. शेजाऱ्याच्या जमिनींतून पाण्याचा पाट किंवा नळ न्यावयाचा असेल व शेजारी राजी नसेल, तर तहसिलदाराकडे अर्ज करून परवानगी मिळवितां येते, ती या कलमान्वयें. या परवानगीबरोबर कांहीं अटी येतात. नळ भूमिगत असेल तर तो जमिनीच्या पृष्ठभागापासून निदान अर्धा मीटर खोल असावा. जरुरीपेक्षां अधिक जमीन खणूं नये. काम होईल तितकें लवकर उरकावें. खणलेली जमीन भरून, पूर्ववत् करून, शेजाऱ्याच्या उपयोगास येईल अशी अर्जदारानें स्वतःच्या खर्चानें करून द्यावी. आणि झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी. शेजाऱ्याच्या एका एकरासाठीं जो न्याय कायद्यानें ठरविला, तोच साऱ्या गांवाच्या रस्त्यास लावावयाचा, याहून आमची मागणी अधिक नाहीं.

इतर कायद्यांतहि हेंच तत्त्व दिसतें. विद्युत् अधिनियम, २००३, याच्या ६७ व्या कलमानें वीज पुरविणाऱ्या परवानाधारकास रस्ता उकरण्याचा अधिकार दिला आहे. पण त्याच कलमांत, होईल तितकें कमी नुकसान व कमी गैरसोय करावी आणि जें नुकसान होईल त्याची पूर्ण भरपाई द्यावी, असें बंधनहि घातलें आहे. दूरसंचाराच्या तारांविषयीं १८८५ च्या भारतीय तार अधिनियमांत हीच भाषा होती. पुढें २०१६ मध्यें केंद्र सरकारनें मार्गाधिकाराचे नियम केले. त्यांनुसार तार घालणाऱ्यानें एक तर रस्ता पूर्ववत् करण्याची जबाबदारी घेऊन बँकेची हमी द्यावयाची, नाहीं तर दुरुस्तीचा खर्च रस्त्याच्या मालकाकडे भरावयाचा, असे दोन मार्ग ठेवण्यांत आले. या नियमांची जागा १ जानेवारी २०२५ पासून दूरसंचार (मार्गाधिकार) नियम, २०२४, यांनीं घेतली. पण खणणाऱ्याची जबाबदारी सुटली नाहीं.

म्हणजे खर्च कोणाचा या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें दिलेलें आहे. अडचण उत्तराची नसून वसुलीची आहे.

मग अडतें कोठें ?

पहिली अडचण अशी कीं, रस्ता कोणाचा हेंच पुष्कळदां गांवास ठाऊक नसतें. १९४३ सालीं नागपूर येथें मुख्य अभियंत्यांची परिषद भरली व तींत देशांतील रस्त्यांचे वर्ग ठरविण्यांत आले. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग, ही वर्गवारी आजहि चालू आहे. आपल्या राज्यांत राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, गांवठाणांतील गल्ल्या ग्रामपंचायतीकडे, आणि कळंब शहरांतील रस्ते नगर परिषदेकडे आहेत. एकच नळवाहिनी यांपैकीं तीन मालकांच्या रस्त्यांतून जाऊं शकते. खणणारा एका कार्यालयाचा कागद घेऊन तिन्ही रस्ते फोडतो, व तक्रार आली कीं तिन्ही कार्यालयें एकमेकांकडे पाहतात.

दुसरी अडचण, खणणारें व रस्ता राखणारें अशीं दोन्ही खातीं सरकारचींच असतात तेव्हां येते. जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजीं झाली. प्रत्येक ग्रामीण घरास नळानें माणशीं रोज ५५ लिटर पाणी देण्याचा हा संकल्प आहे, व २०२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकांत त्याची मुदत २०२८ पर्यंत वाढविण्यांत आली. संकल्प मोठा आहे आणि त्यासाठीं गल्लोगल्लीं खणणें अपरिहार्य आहे. खासगी कंपनीकडून अनामत मागणारें कार्यालय सरकारी योजनेकडून मात्र ती मागण्यास संकोचतें. एका खिशांतून दुसऱ्या खिशांत पैसा कशास घालावयाचा, असा त्यामागील विचार असतो. पण रस्त्याच्या खिशांत पैसा आलाच नाहीं, तर रस्ता दुरुस्त कशांतून व्हावयाचा ?

तिसरी अडचण अनामतीची. ती वर सांगितल्याप्रमाणें नुसत्या चराच्या रुंदीवर मोजली, तर दुरुस्तीस पुरत नाहीं; आणि दुरुस्तीपेक्षां अनामत सोडून देणें स्वस्त पडत असेल, तर गुत्तेदार ती आनंदानें सोडून देतो. भरीस भर म्हणजे, आलेली रक्कम कार्यालयाच्या सर्वसाधारण निधींत मिसळली कीं ती कोणत्या रस्त्याची हें पुढें कोणी सांगूं शकत नाहीं.

चौथी अडचण विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. २५ डिसेंबर २००० रोजीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेंतील रस्ते बांधणाऱ्या गुत्तेदारावर, काम पुरें झाल्यापासून पांच वर्षेंपर्यंत देखभालीची जबाबदारी असते. या मुदतींत दुसऱ्या कोणीं रस्ता खणला, कीं पहिला गुत्तेदार म्हणतो, “माझें काम मोडलें, माझी हमी संपली.” दुसरा म्हणतो, “माझें काम नळाचें, रस्त्याचें नव्हे.” अशा रीतीनें एका चरामुळें संबंध रस्त्याची हमी बुडण्याचा संभव असतो. तेव्हां परवानगी देण्यापूर्वीं रस्ता हमीच्या मुदतींत आहे काय हें पाहणें, व असल्यास दोघांच्या जबाबदारीची हद्द लेखी ठरविणें अगत्याचें आहे.

“काम गांवासाठीं, मग खर्चहि गांवाचा”

असा आक्षेप कांहीं मंडळी घेतात. नळ गांवासाठीं आला, तर रस्त्याची दुरुस्ती गांवानें करावी, असें त्यांचें म्हणणें. हा आक्षेप वरवर रास्त दिसतो. पाण्याची किंमत आपल्याला कोणीं समजावून द्यावयास नको. २०१६ सालीं मांजरा धरण कोरडें पडलें व लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, ही गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर घडली. नळ नको असें म्हणणारा मनुष्य या मुलखांत सांपडावयाचा नाहीं.

परंतु हिशोब पाहावा. जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत, गांवांतर्गत कामाच्या भांडवली खर्चाचा दहावा हिस्सा सामान्यतः गांवानें रोख, वस्तु किंवा श्रम या रूपानें द्यावा असें ठरविलें आहे. डोंगराळ भाग व अनुसूचित जाति-जमातींची बहुसंख्या असलेलीं गांवें यांस हा हिस्सा कमी आहे. गांवाचा वाटा असा आधींच धरलेला आहे. त्यावर रस्त्याचा खर्चहि गांवावर टाकला, तर एकाच कामासाठीं गांवानें दोनदां पैसे दिल्यासारखें होतें. शिवाय ग्रामपंचायतीनें तो द्यावा कोठून ? पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ या काळासाठीं दिलेल्या अनुदानांत शेंकडा ६० भाग पिण्याचें पाणी व स्वच्छता यांसाठीं बांधून ठेवलेला होता. उरलेल्या ४० भागांत गांवाच्या इतर साऱ्या गरजा भागवावयाच्या. अशा तुटपुंज्या रकमेंतून दुसऱ्यानें फोडलेले रस्ते भरावयाचे म्हटलें, तर ज्या वस्तीस अजून रस्ताच नाहीं तिचें काम मागें पडतें. न खणलेल्या वस्तीनें खणलेल्या वस्तीचा भार वाहावा, हा न्याय नव्हे.

दुसरी एक शंका अशी कीं, कंपनीवर खर्च टाकला तर ती तो आपल्या ग्राहकांकडूनच वसूल करील. करूं द्यावा. ज्यास सोय मिळते त्याच्याकडून सोयीची खरी किंमत घेणें हेंच योग्य आहे. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ सालीं नेमलेल्या रस्ते समितीच्या शिफारसींवरून १९२९ मध्यें पेट्रोलवर गॅलनमागें दोन आणे अधिक कर बसविण्यांत आला व त्यांतून रस्त्यांसाठीं निधि उभा राहिला. रस्त्यावर मोटार चालविणारानें रस्त्याचा भार उचलावा, हा त्यामागील विचार होता. रस्त्याच्या पोटांतून नळ किंवा तार नेणारानेंहि तो उचलावा, हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा होय.

आपल्या नळवाहिन्या

येथपर्यंत आपण दुसऱ्यांकडे बोट दाखविलें. आतां स्वतःकडे पाहिलें पाहिजे. कारण रस्ता फोडणारांत शेतकरीहि आहे. पाण्याची पाळी जवळ आलेली असते, नळ आणून टाकलेले असतात, आणि परवानगीचा कागद कार्यालयांत अडकलेला असतो. मग एका रात्रींत यंत्र लावून रस्ता आडवा फोडला जातो व सकाळीं तेथें मातीचा एक उंचवटा दिसतो. चार महिन्यांनीं तेथें खड्डा होतो. नळाचा सांधा गळूं लागला, तर तो खड्डा बारमाही ओला राहतो. असे पांच-सात आडवे चर एका रस्त्यावर पडले म्हणजे त्या रस्त्याचें आयुष्य संपलें असें समजावें.

यांत शेतकऱ्याची अडचण खरी आहे. पीक वाळत असतां कागदाची वाट पाहत बसणें कोणासहि जमत नाहीं. म्हणून रस्ता राखणाऱ्या कार्यालयांनींहि शेतीच्या नळासाठीं आलेला अर्ज ठराविक दिवसांत निकालांत काढला पाहिजे व अनामत लहान खातेदारास झेपेल अशी ठेवली पाहिजे. परंतु कार्यालय उशीर करतें म्हणून रस्ता फुकट फोडण्याचा हक्क आपल्याला मिळत नाहीं. आणि एक व्यवहाराची गोष्ट ध्यानांत ठेवावी. ग्रामसभेंत कंपनीच्या प्रतिनिधीस जाब विचारावयास उभें राहिलें, कीं तो रस्त्यावरील आपल्याच चरांकडे बोट दाखवितो, आणि मग आपलें बोलणें तेथेंच खुंटतें.

उपाय कठीण नाहींत. रस्ता ओलांडावयाचा असेल तेथें प्रथम मोठ्या व्यासाचा मजबूत नळ कायमचा बसवावा व त्यांतून आपला नळ न्यावा. म्हणजे पुढें नळ बदलतांना रस्ता पुन्हां खणावा लागत नाहीं. शक्य तेथें आडवें छिद्र पाडणारें यंत्र भाड्यानें आणून रस्ता न फोडतां नळ पलीकडे काढावा. एकाच शिवारांतील चार-पांच शेतकऱ्यांनीं मिळून एकाच ठिकाणीं ओलांडणी करावी. खर्च वांटला जातो व रस्त्यास पांचाऐवजीं एकच जखम होते. रस्त्याखालच्या मोरींतून नळ नेण्याचा मोह मात्र टाळावा. पावसाळ्यांत मोरी तुंबली तर रस्ता व शेजारचें पीक अशीं दोन्ही जातात.

अन्यत्र काय करितात

मुंबई महानगरपालिका चर बुजविण्याचा खर्च खणणाऱ्या संस्थेकडून आधींच भरून घेते व चर भरण्याचें काम आपल्या गुत्तेदाराकडून करविते. यांत पैसा व काम एकाच हातीं राहतें, हा गुण आहे. तरीहि तेथें दर पावसाळ्यांत खड्ड्यांची ओरड होतेच. कारण पैसा घेतला म्हणजे काम चांगलें झालें असें नव्हे. मुंबई उच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२५ मध्यें असा आदेश दिला कीं, खड्ड्यामुळें किंवा उघड्या गटारद्वारामुळें मृत्यु आल्यास वारसांस ६ लक्ष रुपये, व जखमी झाल्यास दुखापतीच्या मानानें ५० हजारांपासून अडीच लक्षांपर्यंत भरपाई द्यावी. रस्त्याच्या हयगयीस किंमत मोजावी लागते, हें यावरून संबंधितांनीं ओळखावें.

इंग्लंडांत १९९१ सालीं रस्ते व रस्त्यांतील कामें यांसंबंधीं कायदा झाला. त्याखालीं आंखलेल्या पद्धतींत चर भरणाऱ्यानें दोन वर्षेंपर्यंत, आणि चर दीड मीटरहून खोल असल्यास तीन वर्षेंपर्यंत, त्याची हमी द्यावी असें ठेवण्यांत आलें. भरलेला चर खचतो तो लगेच नव्हे, तर ऋतुमान बदलल्यावर, हें ओळखून ही मुदत ठेवलेली आहे. आपल्या काळ्या जमिनीस तर ही समज अधिकच लागू पडते.

खणण्यापूर्वीं विचारण्याची सोयहि आतां झाली आहे. केंद्र सरकारनें २२ मार्च २०२३ रोजीं ‘कॉल बिफोर यू डिग’ या नांवाची भ्रमणध्वनीवरील व्यवस्था सुरू केली. खणणाऱ्यानें तेथें सूचना दिली कीं त्या जागेखालीं ज्यांच्या तारा किंवा नळ आहेत त्यांस ती पोंचते. बेताल खोदकामानें देशाचें दर वर्षीं सुमारें ३,००० कोटि रुपयांचें नुकसान होतें, असें त्या वेळीं सरकारनें सांगितलें होतें.

गांवानें काय करावें

१. गांवांतून जाणाऱ्या प्रत्येक रस्त्याचा वर्ग व मालक कोण, याची यादी ग्रामपंचायतीनें करून फलकावर लावावी. खणणाऱ्यानें ज्या त्या मालकाची लेखी परवानगी दाखविल्याविना काम सुरू होऊं देऊं नये.

२. खणण्यापूर्वीं रस्त्याची लांबी, रुंदी व स्थिति यांची नोंद करून तारखेसह छायाचित्रें ठेवावीत. ‘रस्ता आधींच खराब होता’ या उत्तरास हाच एक तोडगा आहे.

३. सरकारी योजना असेल तर तिच्या अंदाजपत्रकांत रस्ता पूर्ववत् करण्याची बाब आहे काय, व किती मीटरांची आहे, हें ग्रामसभेंत वाचून घ्यावें. ती नसेल तर ती घालावी असा ठराव करून काम सुरू होण्यापूर्वींच वर पाठवावा. काम झाल्यावर केलेल्या ठरावास फारसा अर्थ उरत नाहीं.

४. चर भरतांना ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या एका सभासदानें जागेवर उभें राहावें. नळाभोंवतीं मऊ माती किंवा वाळू, त्यावर सुमारें १५ सेंटिमीटरांच्या थरांनीं मुरूम, प्रत्येक थरावर पाणी व धुम्मस, आणि शेवटीं जुन्या रस्त्याइतक्याच जाडीची खडी व डांबर, हा क्रम पाळला जातो कीं नाहीं तें पाहावें. खणून निघालेली काळी माती चरांत परत जाऊं देऊं नये. मृग लागण्याच्या सुमारास नवें खोदकाम काढूं देऊं नये.

५. अनामत त्याच रस्त्याच्या नांवें वेगळी ठेवावी व दोन पावसाळे रस्ता टिकल्यावरच परत करावी. निदान अर्ध्या रुंदीच्या दुरुस्तीस पुरेल इतकी ती असावी.

६. पाण्याची योजना पुरी झाली म्हणून ती ताब्यांत घेण्याचा ठराव ग्रामपंचायतीपुढें येतो. गांवाच्या हातीं असलेलें मोठें साधन तें हेंच. रस्ते पूर्ववत् झाल्याची पाहणी झाल्याविना त्या ठरावावर सही करूं नये. झालेल्या कामाचें मोजमाप पुस्तक माहितीचा अधिकार अधिनियम, २००५, याखालीं मागतां येतें. कागदावरील मीटर व जमिनीवरील मीटर पडताळून पाहावेत.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशीं ग्रामसभा भरतात. त्यांपैकीं १ मेची सभा या कामीं विशेष उपयोगाची; कारण पावसापूर्वीं चर पाहण्याची व भरून घेण्याची तीच शेवटची संधि असते. त्या दिवशीं पंचांनीं व दहा-वीस खातेदारांनीं मिळून गांवचे रस्ते पायीं चालून पाहावेत, कंपनीचा चर, योजनेचा चर व शेतकऱ्याचा चर अशी तिहेरी नोंद करावी, आणि प्रत्येक चरापुढें तो भरून देणाऱ्याचें नांव लिहावें.

शेजाऱ्याचा बांध आपल्या पाण्यानें फुटला तर दुसऱ्या दिवशीं तो घालून द्यावयाचा, हें कोणा शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. तोच रिवाज रस्त्यास लावावयाचा आहे. त्याची सुरुवात आपण आपल्या चरांपासून केली, म्हणजे कंपनीकडे व सरकारकडे तीच मागणी करतांना आपला आवाज खालीं येणार नाहीं.